एखाद्या पदासाठी उमेदवार असणं म्हणजे नेमकं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोकरी शोधणारे, बढतीसाठी उभे राहिलेले, नुसतेच "एकदा बोलून तर बघू" म्हणून इंटरव्ह्यूला जाऊन आलेले, सगळ्यांच्या डोक्यात साधारण हेच प्रश्न असतात. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय, त्यामुळे काही उत्तरं जरा रोखठोक वाटतील, चालवून घ्या.

अर्ज केला म्हणजे मी उमेदवार झालो का?

तुमच्या दृष्टीने हो, आतल्या लोकांच्या दृष्टीने अजून नाही. अर्ज पोचला की तुम्ही अर्जदार. कोणीतरी तो उघडला, अटींशी ताडून बघितला आणि "यांच्याशी बोलायला हरकत नाही" असं ठरवलं की मग खरे उमेदवार. त्यानंतरही पायऱ्या आहेतच, आधी मोठी यादी, मग शॉर्टलिस्ट, मग शेवटचे दोन-तीन जण. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते, कारण "अर्ज टाकून महिना झाला, काहीच कळवलं नाही" आणि "तिसरा राउंड होऊन महिना झाला, काहीच कळवलं नाही" या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत फार जीव अडकवू नका, दुसरीत मात्र बिनधास्त विचारा.

उमेदवार झाल्यावर त्या पदावर माझा काही हक्क तयार होतो का?

पदावर नाही. नीट आणि सगळ्यांना सारख्या मापाने तपासलं जावं एवढी अपेक्षा ठेवता येते, आणि बऱ्याच देशांत कायदाही तेवढ्यापुरता मागे उभा असतो, म्हणजे लिंग, धर्म, वंश, अपंगत्व असल्या कारणावरून बाद करता येत नाही.

पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. तुम्हीही कोणाला बांधलेले नसता. पाचवा राउंड झाला, त्यांनी ऑफिस फिरवून दाखवलं, टीमशी ओळख करून दिली, तरी "मला हे पद नकोय" म्हणायची मोकळीक तुमच्याकडे शिल्लक असते. उमेदवारी म्हणजे दोन्ही बाजूंनी चाललेली तपासणी. माझं म्हणणं एवढंच की बहुतेक लोक यातली फक्त एकच बाजू जगतात, स्वतः तपासून घेतात आणि समोरच्याला तपासायचं राहून जातं.

"तुम्ही आमचे स्ट्राँग कॅन्डिडेट आहात" असं म्हणाले. याचा अर्थ काय?

म्हणणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण हेच वाक्य त्याने आणखी दोघांना ऐकवलेलं असू शकतं आणि तेही खरंच असतं. ऐका, खूश व्हा, बाकीचे अर्ज चालू ठेवा.

जाहिरातीतल्या सगळ्या अटी मी पूर्ण करत नाही. अर्ज करू का?

अटी दोन प्रकारच्या असतात आणि जाहिरातीत त्या एकत्र कोंबलेल्या असतात. परवाना, ठरावीक पदवी, काम करायचा कायदेशीर परवाना, एखादी भाषा, या नसतील तर तिथेच विषय संपतो. बाकी "अमुक सॉफ्टवेअरचा अनुभव असल्यास प्राधान्य" वगैरे म्हणजे लिहिणाऱ्याची विश लिस्ट, आणि ती यादी पुष्कळदा आधीच्या माणसाला समोर ठेवून केलेली असते, म्हणजे जो माणूस त्या कामात वर्षानुवर्षं मुरून तयार झाला त्याचं वर्णन नवीन माणसाकडून पहिल्या दिवशी मागितलेलं असतं. मुख्य काम जमत असेल तर अर्ज करा. जे जमत नाही ते सीव्हीत जमतं म्हणून लिहू नका, एवढं पाळा.

सीव्ही कसा लिहायचा?

यावर सल्ले ढीगभर आहेत म्हणून मी एकच जुनं उदाहरण सांगते. साधारण १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार चालवणाऱ्या लुडोविको स्फोर्झाला कामासाठी एक पत्र तयार केलं. आता याची ओळख काय तर चित्रकार. पण पत्रात काय लिहिलंय तर हलके आणि भक्कम पूल बांधतो, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढतो, तोफा बनवतो, झाकलेले रथ बनवतो. चित्रकला आणि शिल्पकला येते हे शेवटी शेवटी, जाता जाता. कारण स्फोर्झाला गरज लढाईची होती. तुम्ही कोण आहात यापेक्षा त्यांचं कुठलं काम अडलंय आणि त्यातलं तुम्ही काय करू शकता, हे आधी. (त्यातलं सगळं त्याने आधी प्रत्यक्षात करून बघितलं होतं का, हा प्रश्न इंटरव्ह्यू पॅनलने विचारायला हवा होता.)

लांबी, फॉन्ट, रंग याच्यावर रात्र घालवू नका. दोन पानांत सरळ वाचता आलं की झालं.

माझा सीव्ही माणूस वाचतो का मशीन?

दोन्ही. मोठ्या ठिकाणी अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात, तिथे त्यांची वर्गवारी होते, शोधता येतं, आणि फॉर्ममध्ये जे हो-नाहीचे प्रश्न असतात ना, "काम करायचा परवाना आहे का", "इतक्या वर्षांचा अनुभव आहे का", त्यावर आपोआप बाद करायची सोय असते. त्यामुळे सीव्ही घासत बसता आणि फॉर्म घाईत भरता, हे उलटं आहे, फॉर्म नीट वाचून भरा. पांढऱ्या अक्षरात जाहिरातीतले शब्द लपवून टाकायची युक्ती फिरत असते, ती करू नका, मजकूर बाहेर काढल्यावर सगळं दिसतं आणि मग लाज जाते.

आता मशीनने थेट गुण देण्याबद्दल. ॲमेझॉनने सीव्हींना गुण देणारं एक सॉफ्टवेअर बनवून बघितलं होतं, ते आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकलं, आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे बायकांचा उल्लेख असलेले सीव्ही खाली ढकलायला लागलं. कंपनीने तो प्रयोग बंद केला, २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. त्यानंतर नियमही यायला लागलेत, न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून असलं टूल वापरायचं तर त्याचं दरवर्षी स्वतंत्र ऑडिट लागतं आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. तुमच्याकडे असा नियम नसला तरी "निवडीत ऑटोमॅटिक टूल वापरता का" असं विचारायला पैसे पडत नाहीत.

नुसत्या नावावरून खरंच फरक पडतो?

पडतो, आणि हे मोजून झालंय. मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलईनाथन या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट सीव्ही पाठवले, मजकूर सारख्याच दर्जाचा, फक्त काहींवर गोऱ्या वाटणारी नावं आणि काहींवर कृष्णवर्णीय वाटणारी. २००४ साली निष्कर्ष छापून आला, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक फोन, दुसऱ्यांना पंधरामागे एक.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी नाव-फोटो झाकून अर्ज वाचतात. वाद्यवृंदांनी तर हे फार आधी केलं, बॉस्टन सिम्फनीने १९५२ मध्येच पडद्याआडून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली, पुढे इतरांनीही पडदे लावले, काही ठिकाणी तर चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून जमिनीवर गालिचा टाकायचे. तुम्ही स्वतः काय करू शकता? मागितला नसेल तर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही असली माहिती सीव्हीत टाकू नका. तिचा फायदा जवळजवळ कधीच होत नाही.

सगळ्यांना तेच तेच प्रश्न का विचारतात? गप्पा मारून माणूस जास्त कळतो ना?

असं सगळ्यांनाच वाटतं, विशेषतः ज्यांना आपण माणसं ओळखतो असा भ्रम आहे त्यांना. डॅनियल काहनेमन पुढे नोबेलविजेता झाला, पण १९५० च्या दशकात तरुणपणी तो इस्रायली सैन्यात होता तेव्हा त्याला भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम दिलं गेलं. त्याने मोकळ्या गप्पा बंद करून सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न, प्रत्येकाला वेगळे मार्क, आणि मुलाखत घेणारे वैतागले की आम्हाला यंत्र बनवताय. पण आधीच्या पद्धतीपेक्षा निकाल चांगले आले. अलीकडे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाची आकडेवारी पुन्हा तपासली, त्यातही कामातली कामगिरी ओळखायला ठरावीक प्रश्नांचा इंटरव्ह्यू सगळ्यात वरच्या नंबरवर निघाला.

तेव्हा पॅनल कागदावरून प्रश्न वाचतंय, मान खाली घालून लिहितंय, हसत पण नाहीये, तर वाईट वाटून घेऊ नका. उलट तासभर क्रिकेट आणि सिनेमावर मस्त गप्पा झाल्या आणि कामाचं कोणी काही विचारलंच नाही, तर तिथे जरा सावध.

"असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा..." या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, या क्रमाने. यातला तिसरा भाग सगळ्यात मोठा हवा आणि नेमका तोच लोक दोन वाक्यांत उरकतात. आणि "आम्ही केलं, आमच्या टीमने केलं" हे नम्र वाटत असलं तरी समोरच्याला तुमच्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही. "मी" म्हणा. चार-पाच प्रसंग आधीच आठवून ठेवले की त्यातलेच फिरवून बहुतेक प्रश्नांना पुरतात.

"तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा काय विचारू?

माझ्या मते अख्ख्या इंटरव्ह्यूतला सगळ्यात वाया जाणारा भाग हाच. लोक "नाही, सगळं क्लिअर आहे" म्हणून उठतात. अहो, तुम्ही तिथे दिवसाचे आठ-नऊ तास घालवणार आहात.

हे पद रिकामं का झालं, इथून सुरुवात करा. नवीन तयार झालं असेल तर का, आणि आधीची व्यक्ती सोडून गेली असेल तर किती दिवसांत. दोन वर्षांत तिघं येऊन गेले असं कळलं तर दोष त्या तिघांचा असण्याची शक्यता कमी. मग विचारा की पहिल्या सहा महिन्यांत मी काय केलं तर तुम्हाला वाटेल की निवड बरोबर झाली. याचं उत्तर जर पॅनलमधल्या दोघांनी दोन वेगळी दिली तर समजून जा की पदाबद्दल त्यांचंच एकमत नाही, आणि ते भांडण तुमच्या डोक्यावर येऊन पडणार. ज्याच्या हाताखाली काम करायचंय तो माणूस एकदाही भेटला नसेल तर भेट मागा, हा हट्ट करण्यासारखा हट्ट आहे.

आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही, या पदाला पैसे मंजूर झालेत का? ऐकायला उद्धट वाटतं पण "पदाला मंजुरी मिळालीय की प्रोसेसमध्ये आहे" असं विचारलं तर कोणी रागवत नाही. मंजुरी नसतानाच इंटरव्ह्यू घेऊन ठेवायची पद्धत सर्रास आहे आणि मग उमेदवार महिनोन्महिने "होल्डवर" राहतो.

आत्ताचा पगार विचारला तर सांगायचा का?

खोटा सांगू नका, पगाराची स्लिप मागितली की उघडं पडतं. पण सांगायलाच हवा असंही नाही. "या जबाबदारीसाठी तुमची रेंज काय आहे?" असा उलटा प्रश्न विचारता येतो, किंवा आत्ताचा आकडा न सांगता अपेक्षित आकडा सांगता येतो. हा प्रश्न अन्यायाचा आहे हे आता कायद्यांनाही पटायला लागलंय, कारण आधी कमी मिळत होतं म्हणून पुढेही कमी, असं ते चक्र चालू राहतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा करून २०१८ पासून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायला बंदी घातली. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या निर्देशात तर दोन्ही आहे, जुना पगार विचारायचा नाही आणि नवीन पदाचा पगार किंवा रेंज आधी सांगायची, आणि सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणायला ७ जून २०२६ ची मुदत होती.

एकाच वेळी चार ठिकाणी उमेदवार असणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. तेही एकाच वेळी चार जणांना भेटत असतात. विचारलं तर "हो, आणखी काही ठिकाणी बोलणं चालू आहे" एवढं पुरे, नावं सांगायची गरज नाही. मात्र ज्यांच्याकडून ऑफर आलेलीच नाही त्यांची ऑफर दाखवून भाव वाढवणं, हे करू नका, "ठीक आहे, मग तिकडेच जा" असं म्हणाले तर काय करणार?

माणूस आधीच ठरलेला असतो आणि आपल्याला नावापुरतं बोलावतात, हे खरंय का?

कधीकधी, हो. नियमानुसार जाहिरात द्यावी लागते, इतक्या जणांना भेटावं लागतं, पण मनात आतलाच एक जण असतो. ओळखायची खात्रीशीर खूण नाही. अर्ज करायला अगदीच तीन दिवस दिलेत आणि अटी एखाद्याच्या मापाने शिवल्यासारख्या आहेत तर शंका घ्यायला जागा आहे. तरी मी जा म्हणते, कारण ठरलेला माणूस ऐनवेळी नाही म्हणतो, आणि तसं नाही झालं तरी पॅनलमधल्या कोणालातरी तुम्ही लक्षात राहता. फक्त प्रवासाचा खर्च आणि रजा मोठी जात असेल तर पहिला राउंड व्हिडिओ कॉलवर मागा.

मीच आतला उमेदवार आहे. बॉसला आधी सांगू का?

सांगा. तिसऱ्याकडून कळलं तर जास्त महागात पडतं. आणि आतले आहात म्हणून तयारी सोडू नका, पॅनलला सगळं माहीतच आहे असं धरून आतले उमेदवार अर्धवट उत्तरं देतात आणि मार्क तर बोललेल्यावरच मिळतात.

त्यांनी घरी करायला असाइनमेंट दिलीय, चांगली तीन दिवसांची. करू का?

दोन-तीन तासांचं काम ठीक आहे. त्याच्या पुढे गेलं की विचारायचं, किती जणांना दिलंय, कशावर मार्क देणार, आणि हे तुम्ही प्रत्यक्ष वापरणार आहात का. वापरणार असतील तर मोबदला मागण्यात काही गैर नाही. पूर्ण आराखडा करून देण्याऐवजी एक भाग नीट करून बाकीचं समोर बसून समजावतो म्हणा, खऱ्या गरजू लोकांना हे चालतं.

उमेदवारीसाठी पैसे मागितले तर?

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, डिपॉझिट, लॅपटॉपची सिक्युरिटी, नाव काहीही असो, देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे, त्यात सरळ लिहिलंय की खाजगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, काही मोजके अपवाद सोडून. सरकारी परीक्षेची फी वेगळी, ती अधिकृत जाहिरातीत छापलेली असते.

रेफरन्स म्हणून कोणाचं नाव द्यायचं?

ज्यांनी तुमचं काम जवळून बघितलंय त्यांचं, मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला धड न ओळखणाऱ्या माणसाचं नाही. आधी विचारा, आणि कुठल्या पदासाठी फोन येणार हेही सांगून ठेवा, नाहीतर बिचारा फोनवर "हो हो, चांगला मुलगा आहे" एवढंच बोलतो. आत्ताच्या ऑफिसमध्ये फोन ऑफर हातात आल्यावरच करा, असं स्पष्ट सांगा.

फोनवर "तुमचं सिलेक्शन झालं" म्हणाले. राजीनामा देऊ?

नाही. नाही. नाही.

लेखी ऑफर येऊ दे. ती वाचा, पद तेच आहे ना, पगार किती निश्चित आणि किती "कामगिरीवर अवलंबून", जॉइनिंगची तारीख, कामाचं ठिकाण, प्रोबेशन, नोटीस पिरियड. मग शर्ती बघा, कारण "बॅकग्राउंड चेक आणि मेडिकल समाधानकारक असल्यास" असं लिहिलं असेल तर ती अजून अर्धीच ऑफर आहे, ते चेक पूर्ण झाल्याचं ईमेलवर घ्या आणि मग पेपर टाका. घाई करत असतील तर "लेखी मिळालं की त्याच दिवशी कळवतो" म्हणा, खऱ्या कंपनीला यात काही खटकत नाही.

पेपर टाकल्यावर आत्ताची कंपनी पगार वाढवून थांबवायला बघेल. तेव्हा स्वतःला विचारा की सोडायचं कारण पगार होतं का? नसेल तर ते कारण सोमवारी तिथेच बसलेलं असणार.

मधेच नाव मागे घ्यायचं असेल तर?

जितक्या लवकर तितकं चांगलं. दोन ओळींचा ईमेल, आभार आणि निर्णय, कारण द्यायची सक्ती नाही. न सांगता गायब होऊ नका, रिक्रूटर लोक नोकऱ्या बदलतात आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली असते.

संस्थेच्या किंवा मंडळाच्या निवडणुकीत पदासाठी उभं राहणं वेगळं का?

बरंच. तिथे तुमची उमेदवारी नियमावलीने ठरते, सूचक, अनुमोदक, अर्जाची छाननी, माघारीची शेवटची तारीख, आणि ती तारीख गेली की मन बदललं तरी नाव मतपत्रिकेवर राहतं. नोकरीसारखी कधीही उठून जायची सोय नाही, म्हणून नियमावली अर्ज भरायच्या आधी वाचा.

रिजेक्ट केलं पण कारण सांगत नाहीत. मागता येतं का?

मागता येतं, मिळेलच असं नाही. कायद्याच्या भीतीने बरेच जण ठोकळेबाज ईमेल पाठवतात. "मी कुठे कमी पडलो" ऐवजी "या पदासाठी निवडलेल्या व्यक्तीकडे असं काय होतं जे माझ्याकडे दिसलं नाही" असं विचारलं तर कधीकधी कामाचं काहीतरी हाती लागतं. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा लागू आहे, त्याखाली उमेदवार आपल्याबद्दल साठवलेली माहिती मागू शकतो आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं, त्यात इंटरव्ह्यूच्या नोट्सही येऊ शकतात. (म्हणून तिथले शहाणे पॅनलवाले नोट्समध्ये जपून लिहितात.)

मी दुसऱ्या नंबरवर होतो म्हणे. आता काय?

हे खरं असेल तर तुमची फाइल अजून जिवंत आहे. पहिला माणूस ऑफर नाकारतो, जॉइन होत नाही, प्रोबेशनमध्ये सोडतो, यातलं काहीही होतं आणि मग पुन्हा सगळी प्रोसेस करायचा कोणालाच उत्साह नसतो. रिजेक्शनच्या ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या, "पुढे असं पद निघालं तर मला आवडेल" असं लिहा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा, फक्त एकदाच, चौकशी करा. मधल्या काळात फोन आलाच तर पगाराची चर्चा परत पहिल्यापासून करा, कारण आता घाई त्यांना आहे.